शान्ताबाईंची गाणी तबकडीवरून उतरवताना : चार महिन्यांच्या नोंदी

आत्याकडच्या जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेटमधली शान्ता शेळके यांची गाणी संगणकावर उतरवायची, नीट यादी करायची आणि १२ ऑक्टोबरला, म्हणजे शान्ताबाईंच्या जन्मदिवशी, आत्याच्या हातात द्यायची, असं ठरवलं होतं. ज्यांच्या घरी असाच एखादा खोका पडून आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून तारखेनिशी लिहिते आहे. चुका जशा झाल्या तशा ठेवल्यात.

शनिवार, ८ जून २०२४

साताऱ्याहून खोका आला. मोजदाद : ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) ११ तबकड्या, ईपी (छोट्या रेकॉर्ड) ३८, एलपी (मोठ्या रेकॉर्ड) १२, कॅसेट २७. आत्यानं निघताना बजावलं होतं, "अगं, उभ्या ठेव, एकावर एक रचू नकोस." गाडीत मात्र खोका आडवा आला. एका एलपीला बाक आलाय, पण सुई उडत नाही.

पाकिटांना बुरशीचा वास. डोंबिवलीत पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं कोरडं व्हायला हवं म्हणून पाकिटं पंख्याखाली पसरली. उन्हात ठेवू नका, ईपी तासाभरात वाकते.

पाकिटं पसरताना एक गोष्ट लक्षात आली आणि कामाचं खरं कारणच कळलं. आत्यानं जवळजवळ प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं गीतकाराचं नाव लिहून ठेवलंय. काही लेबलांवर ते छापलेलं आहे, काहींवर नाही. गायकाचं नाव मोठं, संगीतकाराचं त्याखाली, आणि शब्द कुणाचे हे बघायला पाकीट उलटंपालटं करावं लागतं. आत्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायची. शब्द कुणाचे हे न लिहिता रेकॉर्ड फडताळात ठेवणं तिला जमलंच नसतं.

रविवार, ९ जून

पहिली मोठी चूक आज.

इंटरनेटवर वाचून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण केलं. ईपीवर छान चाललं, काळी घाण निघाली. त्याच ओघात ७८ची तबकडी हातात घेतली आणि कडेनं कापूस फिरवला. कापूस काळा झाला. मला वाटलं मळ निघतोय. तो मळ नव्हता, तबकडीच विरघळत होती. ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

तबकडी होती १९६०च्या 'अवघाचि संसार' चित्रपटातली, 'जे वेड मजला लागले'. पाकिटावर आत्याच्या अक्षरात : "गीत : डॉ. वसंत अवसरे = शान्ताबाई." ११ तबकड्यांतली नेमकी हीच माझ्या हाती लागली. दोन सेकंदांत हात थांबवला, पण कडेच्या पहिल्या काही फेऱ्या गेल्या. सुरुवातीच्या वाद्यांवर आता कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. शब्द सुरू व्हायच्या आधी तो संपतो, एवढंच नशीब.

७८साठी : फक्त डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनं. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. मी स्टीलच्या दोन वाट्या उपड्या दाबून लेबल झाकलं.

रविवार, १६ जून

दादाकडचं टर्नटेबल आणलं. त्याला फक्त ३३ आणि ४५. कुणीतरी सांगितलं होतं की ७८ची रेकॉर्ड ४५वर वाजवून मुद्रित करायची आणि संगणकावर वेग वाढवायचा. केलं. गाणं योग्य वेगानं वाजलं, पण आवाज विचित्र, खर्ज फुगलेला आणि वरचा भाग निस्तेज. दोन दिवस कारण शोधण्यात गेले. रेकॉर्ड वाजताना प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग, ठरलेल्या कंप्रतांवर खर्ज वाढवतो आणि तार दाबतो. ४५वर वाजवलं की ही वाढ-घट चुकीच्या जागी बसते आणि वेग वाढवला की तिथंच पक्की होते. आधी ती उलटवून, वेग बदलून, पुन्हा लावता येते. मला ते नीट साधलं नाही. तिन्ही वेगांचं यंत्र घ्यायचं ठरवलं.

रविवार, २३ जून

जुनं, पट्ट्यावर चालणारं, ३३-४५-७८ असलेलं टर्नटेबल घेतलं. १४,५०० रुपये. सुई वेगळी काढता येते हे बघूनच घेतलं. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा खूप रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते. खरखर वाढते आणि तबकडीही खराब होते. ७८ची जाड सुई मागवली, ४,२०० रुपये. यायला तीन आठवडे लागणार.

रविवार, ३० जून

हा आठवडा वाया गेला. वाचणाऱ्यांचा जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

वेग तपासायला रेघांची चकती लागते. दिव्याच्या उजेडात ती फिरवायची, रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. मी एक चकती उतरवून छापली. रेघा ठरेचनात, सुसाट पळायच्या. मोटार बिघडली समजून दुरुस्तीला नेलं. तिथं तीन दिवस यंत्र पडून राहिलं, ६०० रुपये गेले, आणि मोटार ठीक आहे असं सांगून परत मिळालं.

चूक चकतीत होती. ती अमेरिकेसाठीची, ६० हर्ट्‌झ विजेची, २१६ रेघांची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झ, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे ३३⅓ ला १८० रेघा लागतात आणि ७८ला ७७. छापण्याआधी रेघा मोजा.

नवी चकती छापली तरी नीट दिसेना, कारण घरात सगळे एलईडी दिवे. त्यातले बरेच हवे तसे लुकलुकत नाहीत, मोबाइलचा टॉर्चही नाही. शेवटी देवघरातला जुना पिवळा बल्ब काढून आणला. त्या उजेडात दिसलं की चकती कणाकणानं मागं सरकते आहे. पट्टा सैल झालेला. नवा पट्टा ४५० रुपये, बसवायला दहा मिनिटं, आणि रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पेटीवर सूर लावून वेग ठरवू नका. मी तेही करून पाहिलं. त्या काळी स्टुडिओतली वाद्यं कोणत्या पट्टीला मिळवली होती हे आपल्याला ठाऊक नसतं. पेटी पांढरी चार म्हणते म्हणून लताबाईंचा आवाज तिच्या पट्टीत ओढायचा नाही.

रविवार, ७ जुलै

जोडणी. पहिल्या मुद्रणात आवाज घुमणारा आणि फाटलेला. टर्नटेबलमध्ये आतच प्रीअँप होता, त्याचं बटण मागच्या बाजूला, आणि मी तो बाहेरच्या प्रीअँपमधून पुन्हा नेत होते. एकच ठेवला. मग घुंई असा सलग आवाज. अर्थिंगची तार सुटी लोंबत होती, ती स्क्रूखाली घट्ट केली आणि घुंई गेली.

ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारं उपकरण) : ८,९०० रुपये. सुईचं वजन मोजायचा काटा : ७०० रुपये. हा काटा टाळू नका. माझी एलपीची सुई २ ग्रॅमवर असायला हवी होती, ती साडेतीनवर दाबून चालली होती.

मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ. ७८ची तीन मिनिटांची एक बाजू सुमारे १०० एमबी होते. मूळ फाइलला हात लावायचा नाही, सगळी साफसफाई तिच्या प्रतीवर. हा नियम सुरुवातीलाच केला म्हणून पुढचं संकट निभावलं.

रविवार, २१ जुलै

जाड सुई आली. वजन ५ ग्रॅम. 'जे वेड मजला लागले' पहिल्यांदा नीट ऐकलं. आशाबाई आणि बाबूजी (सुधीर फडके). मोहरीचा तडतडाट संपला आणि शब्द लख्ख आले, तेव्हा इतक्या आठवड्यांचा शीण उतरला.

७८साठी अजून एक : ही मुद्रणं मोनो आहेत. डावी-उजवी बाजू एकत्र केली की सुईच्या वरखाली हालण्यातून येणारी खरखर बरीच कापली जाते. फुकटात होणारी सगळ्यात मोठी सफाई हीच.

रविवार, २८ जुलै

कोळीगीतांची ईपी आणि 'हे बंध रेशमाचे' नाटकाची गाणी झाली. आठवडाभर रोज रात्री दहा ते बारा. एकूण १९ फाइल स्वच्छ केल्या आणि आत्याला पाठवल्या. मी खूश होते. खरखर नाही, टकटक नाही, मागं एकदम शांतता.

आत्याचा रात्री फोन. "आवाज स्वच्छ आहे गं. पण बाई बोबडी का गातेय?"

मी हेडफोन लावून मूळ फाइल आणि साफ केलेली फाइल एकामागून एक ऐकल्या. आत्याचं शंभर टक्के खरं होतं. 'रेशमाच्या रेघांनी' घ्या. मूळ मुद्रणात 'श' कापडावर सुई ओढल्यासारखा, स्पष्ट, किंचित कडक. माझ्या फाइलमध्ये तिथं काहीतरी मऊ, ओलसर होतं, 'रेहमाच्या' म्हटल्यासारखं. 'सजणा का धरिला परदेश'मध्ये बकुळ पंडितांचा पहिला 'स' जवळजवळ गायब, गाणं 'अ'पासून सुरू झाल्यासारखं. 'काटा रुते कुणाला'मध्ये 'काटा'चा 'ट' घासून गुळगुळीत.

कारण साधं आहे. फुस्स आवाज काढणारं साधन गाण्याआधीच्या शांततेतला फुसकारा 'नमुना' म्हणून घेतं आणि तसं जे जे सापडेल ते कापतं. स, श, च, फ ही अक्षरं आवाजाच्या दृष्टीनं फुसकारेच आहेत. टकटक काढणाऱ्या साधनाला 'ट' आणि 'क' म्हणजे ओरखडेच वाटतात, तबल्याची चाटही त्यातच जाते. स्वर शाबूत राहतात, व्यंजनं मरतात. वाद्यसंगीत असतं तर कदाचित इतकं लक्षातही आलं नसतं. पण मी एका गीतकाराचं काम जतन करायला बसले होते आणि तिचेच शब्द खरवडून काढत होते.

आठवडा गेला याचं दुःख आहेच. त्याहून जास्त वाईट वाटलं ते हे की मला स्वतःला ते ऐकू आलं नाही. मी खरखर ऐकत बसले होते, गाणं ऐकतच नव्हते.

रविवार, ४ ऑगस्ट

१९ फाइल पुसल्या, मूळ प्रतीवरून पुन्हा सुरुवात. आताची पद्धत :

मोठे ओरखडे हातानं, एकेक, पडद्यावर दिसणारी आवाजाची लाट मोठी करून. तीन मिनिटांच्या गाण्याला साधारण दीड तास लागतो. फुसकारा फक्त किंचित कमी करायचा, ४ ते ५ डेसिबलपुढे नाही. मग काढून टाकलेला भागच तेवढा वेगळा ऐकायचा. त्यात एकही अक्षर ओळखू आलं तर मात्रा जास्त झाली, परत मागं यायचं. ही कसोटी फार उपयोगाची आहे. कापलेल्या कचऱ्यात 'श' ऐकू आला की पोटात धस्स होतं.

हातानं काम करताना शब्द अक्षरश: भिंगाखाली येतात. 'मी डोलकर' चार दिवस माझ्यासमोर लाट होऊन पसरलं होतं. पुण्याच्या हुजूरपागेत आणि एस. पी. कॉलेजात शिकलेल्या, मराठी-संस्कृतच्या प्राध्यापक बाईंनी कोळ्याच्या तोंडची बोली लिहिली, हृदयनाथांनी चाल दिली, लताबाई आणि हेमंतकुमारांनी गायली. मी लहानपणी हे गाणं कोळीवाड्यातलंच, परंपरेनं आलेलं आहे असं समजत होते. माझ्या वर्गातल्या सगळ्यांचा तोच समज होता. शब्द इतके अंगासरशी बसले की लिहिणारी बाईच दिसेनाशी झाली. तेच 'शूर आम्ही सरदार'चं. शाळेच्या संमेलनात आम्ही ते शिवकाळातलं समजून म्हणायचो. ते १९६४च्या 'मराठा तितुका मेळवावा' चित्रपटातलं, आनंदघन या नावानं लताबाईंनी संगीत दिलेलं, आणि शब्द शान्ताबाईंचे.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी होती म्हणून कॅसेट घेतल्या. २७ पैकी ११ आपल्या कामाच्या.

चार कॅसेटमधली कापडी गादी गळून पडलेली. फीत डेकच्या डोक्याला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. कोऱ्या कॅसेटमधून गाद्या काढून लावल्या. स्क्रूच्या कॅसेट उघडायला सोप्या. ज्या चिकटवलेल्या असतात त्या पात्यानं हळूहळू कापून फीत दुसऱ्या कवचात घालावी लागते. एका कॅसेटची फीत यात मुरगळली, गाण्यात एका जागी गचका राहिला आहे.

'ऋतु हिरवा'ची कॅसेट गोधडीतून ऐकल्यासारखी वाजत होती. कॅसेट डेकच्या डोक्याशी एक छोटा स्क्रू असतो, त्यानं डोक्याचा कल बदलतो. 'स' सगळ्यात धारदार ऐकू येईपर्यंत तो फिरवायचा. फिरवला आणि आशाबाईंचा आवाज पडदा सरकवावा तसा मोकळा झाला. पण मूळ जागेची खूण मी करून ठेवली नव्हती, त्यामुळे पुढच्या प्रत्येक कॅसेटला पहिल्यापासून शोधाशोध. आधी नेलपॉलिशचा ठिपका लावा. अर्धा दिवस वाचेल.

रविवार, २५ ऑगस्ट

आज यादी झाली. वाटलं होतं दोन तासांचं काम, गेले दोन रविवार.

तक्ता केला : गाणं, गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक, तबकडीचा क्रमांक, माध्यम. मग गीतकाराच्या रकान्यावर मोजणी लावली. निकाल : 'शान्ता शेळके' १६, 'शांता शेळके' १२, 'शांताबाई शेळके' ५, 'डॉ. वसंत अवसरे' २, रिकामे ९. माझ्या तक्त्यात एका बाईच्या चार व्यक्ती झाल्या होत्या, त्यातला एक पुरुष.

शेवटचं नाव माझ्या टायपिंगचा दोष नाही. शान्ताबाई चित्रपटांच्या सेन्सॉर बोर्डावर काम करत होत्या, त्या काळात चित्रपटगीतांसाठी त्यांनी हे टोपणनाव घेतलं. कारण समजण्यासारखं आहे. पण आज कुणी 'शान्ता शेळके' म्हणून शोधलं तर ही गाणी हाती लागत नाहीत, आणि 'अवसरे' म्हणून शोधायचं हे कळायला आत्याची पेन्सिल लागते. मी दोन रकाने केले : 'छापलेलं नाव' आणि 'गीतकार'. छापलेलं बदलायचं नाही, ती त्या वेळची नोंद आहे. दुसऱ्या रकान्यात मात्र सगळीकडे एकच, 'शान्ता शेळके'.

रिकाम्या ९ पैकी ४ त्यांची निघाली. एक मी चुकून त्यांच्या नावावर घातलं होतं : 'चांदण्यात फिरताना'. ते सुरेश भटांचं आहे. एकाच कॅसेटवर ते 'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे'च्या शेजारी होतं, दोन्हीला संगीत हृदयनाथांचं, दोन्ही आशाबाईंनी गायलेली, आणि मी वरच्या ओळीतलं नाव खाली ओढलं. तक्त्यात नाव खाली ओढायची ही सवय सोडा. आपण गीतकाराचं श्रेय जपायला निघतो आणि दुसऱ्याच गीतकाराचं काढून घेतो.

दोनदा आलेली गाणी वगळून एकूण ३१. भावगीत, लावणीचा बाज, कोळीगीत, गणपतीची गाणी, चित्रपट, नाटक, सगळं एका लेखणीचं. 'नाटक' या रकान्यात आत्ता फक्त 'हे बंध रेशमाचे' आहे. रणजित देसाईंचं नाटक, १९६८, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. मराठी रंगभूमीवर बायकांनी पदं लिहिल्याचं उदाहरण याआधीही आहे, हिराबाई पेडणेकरांचं 'संगीत दामिनी' १९१२ मध्ये रंगभूमीवर आलं होतं. पण नाटक, चित्रपट आणि रेडिओवरचं भावगीत अशा तिन्ही घरांत इतकी वर्षं पाय रोवून राहिलेली बाई शान्ताबाईच. १९५०च्या आसपास या धंद्यात गीतकार म्हटलं की पुरुषच डोळ्यांपुढे यायचा, हे विसरून ही यादी वाचता येत नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. आरतीनंतर दादानं त्याच्या मोबाइलवरून 'गणराज रंगी नाचतो' लावलं, माझीच फाइल. पडद्यावर गायिकेचं नाव आलं, चित्र आलं, गीतकार कुठंच नाही. मी गीतकाराच्या खास खणात नाव भरलं होतं. फाइलमध्ये तो खण असतो, पण बरेच प्लेअर तो दाखवतच नाहीत.

रात्री बसून सगळ्या फाइलींची नावं बदलली : 'शान्ता शेळके – गणराज रंगी नाचतो – लता मंगेशकर – हृदयनाथ मंगेशकर'. गीतकार आधी. फाइलचं नाव कुठलाही प्लेअर लपवू शकत नाही. खणातलं नावही ठेवलं. ३१ फाइलींना दोन तास लागले, एकदम नावं बदलायचं साधन आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवार, १५ सप्टेंबर

आत्या चार दिवस राहायला आली. 'तोच चंद्रमा' तिच्यासमोर साफ केलं. बाबूजींची चाल, बाबूजींचा आवाज. पाकिटावर तिनं काहीतरी संस्कृत लिहिलेलं होतं, पेन्सिल पुसट झालेली. विचारलं तर तिनं न बघता म्हणून दाखवलं, "यः कौमारहरः स एव हि वरः ता एव चैत्रक्षपाः..."

शीलाभट्टारिकेचा श्लोक. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त आहे, तिथून आत्या तो शिकली. नायिका म्हणते, नवरा तोच, चैत्रातल्या रात्री त्याच, वारा तोच, मीही तीच, तरी मन मात्र रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठाकडे ओढ घेतं. शान्ताबाईंचं गाणं याच श्लोकातून उगवलं. 'चैत्रक्षपा'ची 'चैत्रयामिनी' झाली.

आत्यानं जे पुढं सांगितलं ते मला कुठल्याच पाकिटावर सापडलं नसतं. "श्लोकात बाई बोलते. शान्ताबाईंनी तेच पुरुषाच्या तोंडी दिलं. आणि त्या ओढीच्या जागी हरपलेपण आणलं." एका कवयित्रीनं लिहिलेलं, दुसऱ्या कवयित्रीनं शेकडो वर्षांनी उचललं, आणि ऐकू येतो तो बाबूजींचा आवाज. मी त्या ईपीच्या दोन्ही खरचटलेल्या जागा तशाच ठेवल्या. 'तीच'मधला 'च' अगदी त्यांच्या शेजारी होता, आणि आत्या म्हणाली, "राहू दे."

तक्त्यात एक रकाना वाढवला : 'टीप'. आत्या बोलते, मी टाइप करते. चार दिवसांत २२ गाण्यांच्या टिपा झाल्या. सगळ्या कामात मला हा रकाना सगळ्यात मोलाचा वाटतो. हे आधी करायला हवं होतं, यंत्रं नंतर. तबकडी अजून वीस वर्षं टिकेल, आत्या ७९ वर्षांची आहे.

रविवार, २९ सप्टेंबर

मामेभावाचा आग्रह, सगळं इंटरनेटवर टाकू. मी नियम वाचले. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे यंदा, २०२४मध्ये, १९६३ पर्यंतची मुद्रणं त्यातून सुटलेली होती. पण शब्दांवरचा हक्क वेगळा, तो कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. शान्ताबाई ६ जून २००२ रोजी गेल्या. म्हणजे २०६२ संपेपर्यंत शब्दांवरचा हक्क कायम. मुद्रण मोकळं झालं म्हणून गाणं मोकळं होत नाही.

त्यामुळे गाणी घरातच राहणार. यादी आणि आत्याच्या टिपा मात्र आमच्याच आहेत, त्या कुणालाही देता येतील. मामेभाऊ नाराज आहे. मला यात काही अवघड वाटलं नाही. जिचं नाव आधी लावायला इतका खटाटोप केला तिच्या हक्काला बगल कशी द्यायची?

शनिवार, १२ ऑक्टोबर

यंदा शान्ताबाईंचा जन्मदिवस आणि दसरा एकाच दिवशी. साताऱ्याला गेलो. टर्नटेबलवर झेंडूचं फूल ठेवलं, दादानं हसून ते पूजेतही मांडलं.

हिशेब :
टर्नटेबल १४,५००
७८ची सुई ४,२००
इंटरफेस ८,९००
काटा ७००
पट्टा ४५०
नको असलेली दुरुस्ती ६००
कोऱ्या कॅसेट, ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, नवी पाकिटं १,८५०
दोन हार्ड डिस्क ७,६००
एकूण ३८,८०० रुपये.

वेळ : अंदाजे १९० तास. त्यातले ६० तरी वर लिहिलेल्या चुकांमध्ये गेले. मूळ फाइली सुमारे ३० जीबी. एक डिस्क माझ्याकडे, एक दादाकडे. आत्याला पेनड्राइव्ह दिला आणि छापलेली यादी, मोठ्या अक्षरात.

तिनं यादी चष्मा लावून सावकाश वाचली, बोट ठेवून, गीतकाराच्या रकान्यावरून वरून खाली. १७व्या ओळीवर थांबली आणि पेन्सिल मागितली. 'शेळके'तला 'ळ' मी तिथं 'ल' केला होता.

राहिलेलं काम : गचका बसलेली कॅसेट दुसऱ्या कुणाकडे चांगली मिळते का बघणे. 'जे वेड मजला'ची अशीच ७८ कुणाकडे असेल तर फक्त सुरुवातीची दहा सेकंदं उतरवून हवीत. उरलेल्या ९ गाण्यांच्या टिपा दिवाळीत, आत्या इकडे आली की.